जंगलात बंद पडली तर?

जबलपूरहून अमरकंटकची वाट धरली की तासाभरात कुंडम लागतं. राष्ट्रीय महामार्ग ४५वरचं हे तहसिलीचं गाव. नर्मदेला मिळणारी हिरन नदी इथेच उगम पावते, आणि आसपासच्या टोल्यांमध्ये मोठी वस्ती गोंडांची आहे. हिवाळ्यात या रस्त्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटा बऱ्याच दिसतात. नर्मदेच्या उत्तर तटाने अमरकंटककडे निघालेले परिक्रमावासी पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून गाड्या घेऊन येतात आणि कुंडमच्या चौकात चहाला थांबतात. त्यात आता अधूनमधून हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे बॅटरीवर चालणारी गाडीही असते. तिच्याभोवती माणसं जमतात आणि प्रश्न ठरलेला असतो : “भैया, बीच जंगल में बंद पड़ गई तो?”

जबलपूरच्या मराठी घरात वाढल्यामुळे दोन्हीकडची माणसं मला ओळखीची आहेत. पुण्यातला इलेक्ट्रिक गाडीवाला हा प्रश्न ऐकून हसतो, मागासपणा म्हणतो. मला तो प्रश्न अतिशय रास्त वाटतो. ज्याच्या घरी एकच गाडी आहे, ज्याच्या गावाहून मोठं इस्पितळ ४५ किलोमीटरवर आहे आणि जो त्याच गाडीतून रात्री-अपरात्री बाळंतिणीला नेतो, त्यानं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. फक्त तो पूर्ण विचारला जायला हवा. डिझेल गाडी बंद पडली तर काय, हेही त्याच दमात विचारायला हवं. आणि ती डिझेल गाडी आजची धरायची, आठवणीतली नव्हे.

डिझेलवरचा इथल्या लोकांचा विश्वास हवेतून आलेला नाही. रुडॉल्फ डिझेलनं आपलं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात चालवून दाखवलं. त्याच कारखान्याची पुढे ‘मान’ ही कंपनी झाली, आणि या ‘मान’च्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत लष्करासाठी शक्तिमान ट्रक बनू लागला. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमान तिथे गेला. १९९६ पर्यंत तो तिथे बनत होता. लष्कराच्या ‘जोंगा’ गाडीच्या नावातलं पहिलं अक्षरसुद्धा जबलपूरचंच. जगातल्या पहिल्या डिझेल इंजिनाशी असं थेट नातं सांगणारी शहरं भारतात फार नाहीत. दोन पिढ्या या कारखान्यांत घडल्या. पाना हातात धरायला शिकलेली माणसं घराघरात होती आणि ती विद्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत झिरपली.

म्हणून कुंडमचा बोलेरोवाला ‘डिझेलवर भरवसा आहे’ असं म्हणतो तेव्हा तो मुळात इंधनाबद्दल बोलत नसतो. दर दहा-पंधरा किलोमीटरवर कोणीतरी मिस्त्री भेटेल, तो बॉनेट उघडेल, डिझेलच्या लाइनमधली हवा काढेल, फिल्टर झटकेल, तुटलेली पाइप सायकलच्या ट्यूबनं बांधेल आणि गाडी घरापर्यंत पोचवेल, याची त्याला खात्री असते. त्याचा भरवसा माणसांवर आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या बॉनेटखाली त्याला एक बंद डबा दिसतो. डब्यातून जाड नारिंगी वायरी निघालेल्या असतात आणि शेजारी विजेच्या धोक्याची खूण असते. तो डबा उघडू शकणारा माणूस त्याला ठाऊक नाही. माझ्या मते सगळ्या शंकांचं मूळ इथे आहे. पल्ला, किंमत, आग हे सगळं त्यानंतर येतं.

पण ज्या डिझेल गाडीवर हा भरवसा बसला, ती आता विकत मिळत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दशलक्ष भागांत ५०वरून १०वर आलं आणि गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसली. तिला सगळे डीपीएफ म्हणतात. ही गाळणी भरली की आतली काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगानं पळावी लागते. बाजारातल्या बाजारात, दर दोन किलोमीटरला थांबत फिरणाऱ्या गाडीला ते जमत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन आपली ताकद आवरून घेतं, आणि गल्लीतल्या मिस्त्रीला ‘स्कॅनर लावावा लागेल’ असं सांगून गाडी शहरात पाठवावी लागते. कित्येक मोठ्या डिझेल गाड्यांना आता युरियाचं द्रावणही वेगळं भरावं लागतं, आणि ते संपलं तर गाडी पुन्हा सुरूच होत नाही. म्हणजे जंगलात बंद पडण्याची भीती डिझेलवाल्यालाही आहे. ट्यूब बांधून घरी येण्याचे दिवस त्याचेही संपले.

हे नियम कोणी हौसेनं केले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी प्रणाली जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होती. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं तपासणी केली आणि कंपनीला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. डिझेल स्वस्त होतं, ते सरकार पदरमोड करत होतं म्हणून. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचे भाव बाजारावर सोडले गेले आणि पेट्रोलशी असलेली दरी आटत गेली. २०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. आता पाचात एक भरणंही जड जातं. एप्रिल २०२० पासून मारुतीनं तर डिझेल गाड्या बनवणंच सोडलं.

आता बॅटरीकडे वळू. इथल्या माणसाच्या डोळ्यासमोर बॅटरी म्हटलं की दोनच चित्रं उभी राहतात : घरातला इन्व्हर्टर आणि जबलपूरच्या रस्त्यांवरची ई-रिक्षा. दोन्हींतल्या बॅटऱ्या बहुधा शिशाच्या. ई-रिक्षावाला वर्ष-दीड वर्षात बॅटऱ्यांचा संच बदलतो आणि त्या खर्चानं मेटाकुटीला येतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ‘गाडीची बॅटरी चार वर्षांत गेली तर लाखो रुपये कोण भरणार?’ ही भीती त्या अनुभवातून आली आहे. पण शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरण्याचे तीनशे-पाचशे फेरे जेमतेम सोसते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक मोटारींत लोह-फॉस्फेट प्रकारची लिथियम बॅटरी असते, ती दोन-तीन हजार फेरे सहज काढते. एका फेऱ्यात दोनशे किलोमीटर धरले तरी हा आकडा गाडीच्या इतर अवयवांच्या आयुष्यापलीकडे जातो. हा लोह-फॉस्फेटचा शोध १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतल्या त्या निबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. कंपन्या आता बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी सर्रास देतात.

तरीही बॅटरीबद्दलच्या सगळ्या शंका निराधार नाहीत. उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात निसान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्या अपेक्षेपेक्षा लवकर खंगल्या, कारण त्यांना थंड ठेवायची वेगळी सोय नव्हती. जबलपूरचा पारा मे महिन्यात ४२-४३ला टेकतो. म्हणून इथे गाडी घेताना पहिला प्रश्न हवा तो बॅटरीला द्रवानं थंड ठेवण्याची व्यवस्था आहे की नाही हा. सनरूफ वगैरे नंतर पाहावं. आगीचंही तसंच. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या. त्यानंतर बॅटऱ्यांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. पेट्रोल-डिझेलच्या गाड्याही पेटतात. पण लिथियमची आग विझवायला कठीण असते, पुन्हा भडकू शकते आणि तिला अफाट पाणी लागतं. अग्निशमन केंद्र दूर असलेल्या गावात याचा विचार व्हायलाच हवा.

पल्ल्याचा हिशेब कुंडमच्याच रस्त्यावर मांडतो. जाहिरातीतला पल्ला सरकारी चाचणीतला असतो आणि रस्त्यावर तो मिळत नाही. टाटांच्या नेक्सॉनचं ४५ युनिटांच्या बॅटरीचं रूप घ्या. चाचणीत तिचा पल्ला ४८९ किलोमीटर, पण रोजच्या वापरात साडेतीनशेच्या आसपास मिळतील असं कंपनी स्वतःच सांगते. एसी, चार माणसं, सामान आणि खराब रस्ता धरून मी १०० किलोमीटरला १४ युनिटं बॅटरीतून जातील असं मानतो. जबलपूर ते अमरकंटक सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे ३२ युनिटं. शिवाय चढ. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटरवर, अमरकंटक १,०५० मीटरच्या आसपास. माणसांसह १,७०० किलोची गाडी ६४० मीटर वर उचलायला तीन-साडेतीन युनिटं लागतात. एकूण ३५-३६. गाडी पोचेल, हातात पाचवा हिस्सा शिल्लक राहील. परत येताना उतारावर मोटर जनित्रासारखी चालते आणि चढात घातलेल्या विजेतला बराच भाग बॅटरीत परत येतो. डिझेल गाडी तीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात घालवते. पण परतायच्या आधी अमरकंटकला बॅटरी भरावीच लागेल. तिथे चार्जर असावा, तो चालू असावा आणि मोकळा असावा, या तिन्ही गोष्टी जुळून यायला हव्यात. एकीची जरी खात्री नसेल तर परिक्रमेला त्या गाडीनं निघू नये. सलग साडेतीन हजार किलोमीटरची वाट, रोज नवा मुक्काम आणि आश्रमाच्या खोलीतला एखादा दिव्याचा प्लग, एवढ्या भांडवलावर इलेक्ट्रिक गाडी काढणं सोबतच्या म्हाताऱ्या माणसांवर अन्याय आहे.

याच रस्त्यावर दुसराही एक प्रवासी आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तो म्हणजे जबलपूरहून कुंडमला रोज अप-डाऊन करणारा. शिक्षक, पटवारी, बँकेतले, दवाखान्यातले. जाऊन-येऊन ९० किलोमीटर. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेला, गाडी रात्रभर दारात उभी. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवरून रात्रीच्या आठ तासांत २५ युनिटं भरता येतात. भरताना वाया जाणारी धरूनही त्याला १०० किलोमीटरला लागतात १६. ही १६ युनिटं घरच्या दरानं, सात रुपये धरून, ११२ रुपयांची. तेवढ्याच आकाराच्या डिझेल गाडीला १०० किलोमीटरला सहा लिटर लागतात, म्हणजे साडेपाचशे रुपये. गाडी घेताना तीन लाख जास्त मोजले असतील तर ते सुमारे ७० हजार किलोमीटरांत वसूल होतात. वर्षात अडीचशे दिवस ये-जा करणाऱ्याला त्यासाठी तीन वर्षं लागतील. पण महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त गृहस्थाला अकरा वर्षं लागतात. आणि घरी प्लग नसून रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर विसंबायचं, तर युनिटला वीस-पंचवीस रुपये पडतात आणि बचतीचा मोठा भाग तिथेच जातो. एकच गाडी, एकच रस्ता, आणि तीन माणसांसाठी तीन वेगळी उत्तरं.

ठरलेल्या वाटेवर वीज जिंकते, हे एसटीनंही पाहिलं आहे. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. १ जून २०२२ ला ‘शिवाई’ ही पहिली इलेक्ट्रिक एसटी त्याच मार्गावर सोडली गेली. जबलपूर तर पश्चिम-मध्य रेल्वेचं मुख्यालय. २०२१ मध्ये संपूर्ण विद्युतीकरण झालेला देशातला हा पहिला रेल्वे विभाग ठरला.

मग येते कोळशाची शंका, आणि ती या भागात विचारली जाण्याला एक वेगळं वजन आहे. भारतातला बहुतेक दगडी कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना भूवैज्ञानिकांनी १८७० च्या दशकात ‘गोंडवाना’ हे नाव दिलं, ते या गोंडांच्या प्रदेशावरून. पुढे एका अख्ख्या प्राचीन महाखंडाला तेच नाव मिळालं. उमरिया, सोहागपूर, सिंगरौली ही कोळशाची क्षेत्रं याच पट्ट्यातली. ‘धूर इथून उचलून सिंगरौलीला नेला, एवढंच ना?’ असं कुंडमच्या एखाद्या शिक्षकानं विचारलं तर त्याला टाळता येणार नाही. देशातली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज आजही कोळशाची आहे, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार दर युनिटमागे सरासरी ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

हिशेब करून पाहू. प्लगपाशी १६ युनिटं हवीत तर तारांतली गळती धरून वीजकेंद्रात सुमारे १९ बनवावी लागतात, म्हणजे १०० किलोमीटरला जवळपास १४ किलो. डिझेलचा एक लिटर जळला की २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. सहा लिटरांचे १६ किलो, आणि तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरनं आणणं धरलं की १९. फरक पाच किलोंचा. पण इलेक्ट्रिक गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच तिच्या डोक्यावर बॅटरी बनवण्याचं तीन-साडेतीन टनांचं कर्ज असतं. ते फिटायला आजच्या कोळशाच्या विजेवर साठ-पासष्ट हजार किलोमीटर जावे लागतात. अप-डाऊनवाला ते तीन वर्षांत फेडतो. घरात शोभेला ठेवलेली दुसरी इलेक्ट्रिक गाडी ते दहा वर्षांत फेडत नाही.

हायब्रिडचं काय? इथे मात्र लोकांच्या गोंधळाला कंपन्याच जबाबदार आहेत. इंजिनाला जरासा धक्का देणाऱ्या छोट्या मोटरीच्या गाडीलाही त्यांनी ‘हायब्रिड’ म्हणून विकलं. खऱ्या, म्हणजे स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एकटी गाडी हलवू शकते, ब्रेक मारताना वीज परत घेते आणि इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगातच चालवते. तिची बॅटरी अगदी लहान. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडमध्ये पाऊण युनिटाची, नेक्सॉनच्या साठाव्या हिश्श्याएवढी. म्हणून कर्ज छोटं, चार्जरची चिंता शून्य. गर्दीत, थांबत-चालत तिचा फायदा मोठा असतो. मोकळ्या महामार्गावर एका वेगानं जाताना तो घटतो, हे विक्रेता सांगत नाही. प्रत्यक्षात लिटरला २२ किलोमीटर धरले तर १०० किलोमीटरला तेलामागचा सगळा खर्च धरून साडेबारा किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास येतं, म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बरोबरीचं. आयआयटी कानपूरच्या २०२३ मध्ये गाजलेल्या अभ्यासानं हायब्रिडला वरचढ ठरवलं त्यामागे हेच गणित आहे. आयसीसीटी या संशोधन संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासात भारतातली बॅटरी गाडी आयुष्यभरात पेट्रोल गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी उत्सर्जन करते असं निघालं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. वर्तमानपत्रांनी ती उगाच एकमेकांवर घातली. हे लक्षात घेतलं तर इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के, ही तफावत मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र इलेक्ट्रिकच्याच बाजूची आहे. आज घेतलेल्या हायब्रिडचं पेट्रोल पंधरा वर्षांनीही पेट्रोलच राहील. वीज तशी राहत नाही. याच राज्यात रीवाला ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२० मध्ये पूर्ण झाला, बरगी धरणावर ९० मेगावॅट पाण्याची वीज होते. घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल लावले तर चांगल्या उन्हात रोज १२ युनिटं मिळतात, अप-डाऊनवाल्याची बहुतेक गरज भागते. अडचण एवढीच की दिवसा ऊन जबलपूरच्या गच्चीवर असतं आणि गाडी कुंडमच्या शाळेच्या आवारात. नेट मीटर असलं तर ही अडचणही सुटते; दिवसाची वीज तारेवर द्यायची, रात्री परत घ्यायची.

तर मूळ प्रश्नाकडे. माझं मत असं : कुंडममध्ये एकुलती गाडी घेणाऱ्यानं, जिला लग्नाला, शेताला, इस्पितळात, सगळीकडे न्यायचं आहे, आज इलेक्ट्रिक घेऊ नये. त्यानं नवी डिझेल घेतानाही दोनदा विचार करावा आणि परवडत असेल तर हायब्रिड चालवून पाहावी. परिक्रमेला निघणाऱ्यांचंही तेच. रोज अप-डाऊन करणाऱ्यानं मात्र डिझेल सोडावं; त्याच्या शंकांना आता आधार उरलेला नाही. आणि सरकारला खरोखर या गाड्या खेड्यापर्यंत न्यायच्या असतील तर चार्जरच्या आधी मिस्त्री तयार करावेत. जबलपूरमध्ये कारखाने आहेत, आयटीआय आहेत, पाना धरण्याची परंपरा आहे. शक्तिमान उघडणाऱ्यांच्या नातवंडांना तो नारिंगी वायरींचा डबा सुरक्षितपणे उघडायला शिकवलं, तर चौकातला प्रश्न आपोआप मागे पडेल.

ज्यांचं मन इलेक्ट्रिककडे वळलं असेल त्यांना एक विनंती. शोरूममध्ये जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडच्या जुन्या घरांत ते बहुतेक वेळा नावापुरतं असतं. अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवतो आणि वीज घेतच नाही. रात्री दाब फार उतरला तरी तेच होतं. खड्डा खणून नवं अर्थिंग करायला एक दिवस पुरतो. ते आधी करा, मग गाडी पाहायला जा.